हिरवा रंग फासला म्हणून लंडनची बस डब्लिनची होते का?

हाफकॅब:
गेल्या आठवड्यात ‘पिवळा_प्रायमर’ यांनी आपल्या नव्या मॉडेलची छायाचित्रे टाकली आणि खाली लिहिले की, लंडनच्या आरटी या दुमजली बसचे १:७६ मापाचे तयार डायकास्ट (धातू ओतून केलेले) मॉडेल घ्यावे, लाल रंग उतरवावा, हिरवा फवारावा आणि बाजूला सीआयई या आयरिश वाहतूक कंपनीची ‘उडती गोगलगाय’ म्हणतात ती खूण चिकटवावी, म्हणजे पन्नाशीच्या दशकातली डब्लिनची बस तयार होते. फरक ओळखणारे जगात दहा लोकही नसतील, असेही ते म्हणाले. त्या दहांपैकी एक म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

आरटी ही एईसी या ब्रिटिश कंपनीची बस आहे. डब्लिन युनायटेड ट्रॅमवेज कंपनीने १९३७ पासून घेतलेल्या आणि १९४५ साली सीआयईकडे आलेल्या आर वर्गाच्या बसगाड्या म्हणजे लेलँड या दुसऱ्या कंपनीच्या टायटन. त्यांची चासी, म्हणजे इंजिन-चाकांची खालची चौकट, लँकेशरमधून येत असे आणि वरचा सांगाडा डब्लिनमध्येच इंचिकोरच्या स्पा रोड कारखान्यात चढवला जाई. आरटीचे बॉनेट खाली बसलेले असते, त्यामुळे चालकाच्या समोरची काच जास्त उंच वाटते. जुन्या टायटनचा उघडा रेडिएटर उंच आणि ताठ उभा असतो. समोरून पाहिल्यावर बसची ओळख पटते ती याच भागावरून, आणि आपण नेमका तोच भाग तसाच ठेवून फक्त रंग बदलता. शिवाय लंडनच्या पाटीच्या चौकटीत डब्लिनची पाटी कशी बसवलीत? वरच्या ओळीत आयरिश आणि खालच्या ओळीत इंग्रजी हवे, तेथे आपल्या मॉडेलवर नुसतेच इंग्रजीत ‘डॉकी’ दिसते आहे.

पिवळा_प्रायमर:
हाफकॅब महोदय, आपला अभ्यास दांडगा आहे हे मान्य. पण मॉडेल करणाऱ्याकडे शनिवारची एक दुपार आणि जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा असतो, हे आपण विसरता. रेझिनचा एक सांगाडा मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मागवला होता. तो आला तेव्हा छप्पर केळ्यासारखे वाकलेले होते, गरम पाण्यात धरून सरळ करताना दोन खांब तुटले, आणि पत्राला उत्तर आले नाही. त्यानंतर मी ठरवले की धातूची तयार बस बरी. राहिला मापाचा प्रश्न. १९३७ चा टायटन आणि आरटी, दोन्ही २६ फूट लांब आणि साडेसात फूट रुंद. १:७६ मध्ये ते १०४ मिलिमीटर आणि ३० मिलिमीटर होतात. आता आपली फूटपट्टी काय म्हणते?

हाफकॅब:
१९३७ च्या बसबद्दल फूटपट्टी गप्प बसते, हे कबूल. पण आपल्या छायाचित्राखाली काय लिहिले आहे ते आपणच वाचावे. तेथे ‘सीआयई, १९६०’ असे आहे. १९५९ पासून सीआयईने आरए वर्गाच्या, म्हणजे पीडी३ या नव्या प्रकारच्या टायटन आणल्या, त्या ३० फूट लांब होत्या. म्हणजे मॉडेल १२० मिलिमीटरचे हवे. सोळा मिलिमीटर कमी भरणाऱ्या बसला शनिवारच्या दुपारीही वाढवता येत नाही.

लिफीकाठचा:
लांबीरुंदीवर आपण दोघे भांडत राहा. मला आक्षेप रंगावर आहे. तो हिरवा पोपटी दिसतो आहे. मी डब्लिनला नोकरीसाठी आलो तेव्हापासून जवळच्या होथच्या राष्ट्रीय वाहतूक संग्रहालयात अनेकदा गेलो आहे, आणि तेथला हिरवा याच्यापेक्षा कितीतरी गडद आहे.

पिवळा_प्रायमर:
संग्रहालयातल्या बसवरचा रंग कोणी, कधी आणि कोणत्या डब्यातून लावला, हे आपण विचारलेत का? दुरुस्त केलेल्या बसवर आजच्या कारखान्यातला रंग असतो. त्यावरून मूळ छटा ठरवणे म्हणजे नातवाच्या चेहऱ्यावरून आजोबांचे नाक रंगवणे झाले. शिवाय मॉडेलसाठी मी मूळ रंगात मुद्दाम पांढरा मिसळतो, कारण हातभर अंतरावरून पाहिलेली छोटी वस्तू, विशेषतः घरातल्या उजेडात, तीच छटा दिली तरी काळपट दिसते. त्याला मापाचा परिणाम म्हणतात आणि विमानांची मॉडेल करणारे तो वर्षानुवर्षे पाळत आले आहेत.

लिफीकाठचा:
विमानवाल्यांचा दाखला बसवाल्यांनी का द्यावा? उजेड कमी असेल तर दिवा लावावा, रंग बिघडवू नये. पांढरा मिसळल्याने छटा फिकट होते तसा तिचा जिवंतपणाही जातो, आणि त्यावर पुन्हा काळी धूळ फासून ‘जुनी बस’ म्हणायचे. रस्त्यावर धावणारी बस धुतली जात असे, हेही कोणी लक्षात घेत नाही.

जुनी_खिडकी:
दोघांचेही एक सूत्र मला मान्य नाही: मुळात बसचा एकच रंग असतो हे. मी मुंबईत बेस्टच्या लाल डबलडेकरने शाळेत जात असे. एकाच मार्गावरच्या चार गाड्या चार लालांच्या असत. एक नुकतीच रंगवलेली, एकीवर ऊन खाल्लेला विटकर रंग, एकीचे दुरुस्त केलेले पत्रे वेगळे. डब्लिनचे पाऊसपाणी वेगळे, पण रंग जुना होण्याची रीत तीच. त्यात वार्निशचा थर कालांतराने पिवळतो, त्यामुळे मलईरंगी पट्टा आणखी पिवळा आणि हिरवा किंचित तपकिरी होतो. आता कृष्णधवल छायाचित्रांवरून छटा काढणाऱ्यांविषयी. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नाही, ती त्याला काळा करते, आणि निळ्याला उजळते. तेव्हा त्या काळच्या हौशी छायाचित्रात राखाडीच्या अमुक छटेवरून ‘हा गडद हिरवा’ असे ठरवणारे लोक मला फार धाडसी वाटतात. सत्तरीतल्या रंगीत छायाचित्रांचेही तेच. प्रत उन्हात राहिली तर निळा आधी जातो की लाल, हे कागदावर अवलंबून असते.

तीन_आस:
रंगाची चर्चा इतकी लांबली आहे, पण एकानेही बेलफास्टचे नाव घेतलेले नाही. आयरिश बेटावर ट्रॉलीबस, म्हणजे वरच्या तारांतून वीज घेणाऱ्या बस, फक्त त्याच एका शहरात धावल्या. १९३८ साली फॉल्स रस्त्यावर त्या सुरू झाल्या आणि १९६८ मध्ये बंद पडल्या. तीन आसांच्या, हार्कनेस कंपनीचे सांगाडे असलेल्या त्या एईसी बसचे मॉडेल करायला घ्या, मग कळेल की छपरावरच्या दोन दांड्या सरळ उभ्या राहणे म्हणजे काय. येथे मात्र ‘आयरिश’ म्हटले की डब्लिन, आणि डब्लिन म्हटले की गोगलगाय. बॉम्बार्डिअर कंपनीने सीआयईसाठी केलेल्या केडी बसचेही येथे हसू होते, म्हणूनही सांगतो. त्या आयर्लंडमध्येच शॅननला बनल्या, १९८० पासून तीन-एक वर्षे, आणि आज चाळिशी ओलांडून गेल्या आहेत. त्यांना ‘जुनी’ न म्हणण्याचे कारण एकच, की आपण त्यांत बसलो आहोत.

लिफीकाठचा:
केडीविषयी मी हसलो असेन, पण त्यातल्या जनरल मोटर्सच्या इंजिनाच्या आवाजाने रात्रीची झोप मोडलेली माणसे आजही आयर्लंडमध्ये भेटतात. मॉडेलला आवाज नसतो, एवढे तुमचे भाग्य. बेलफास्टवर वेगळा धागा काढा. मी त्यात येईन आणि दांड्यांसाठी पितळी तार वापरा असे सांगेन, कारण प्लास्टिकची दांडी पहिल्याच उन्हाळ्यात खाली झुकते.

पिवळा_प्रायमर:
पाहा, माझ्या छोट्याशा मॉडेलवरून बेलफास्टपर्यंत मजल गेली! ‘जुनी_खिडकी’ यांचे म्हणणे मी उचलून धरतो, कारण ते माझ्या बाजूचे आहे. चार गाड्यांचे चार हिरवे असतील, तर माझा पाचवा का चालू नये?

जुनी_खिडकी:
कारण तुमच्या हिरव्याखाली लाल अजून दिसतो आहे. छपराच्या कडेला आणि मागच्या दाराच्या चौकटीत. रंग उतरवायचा तर पूर्ण उतरवावा, करड्या प्रायमरचा पातळ थर द्यावा, आधी मलई फवारावी, ती नीट वाळल्यावर पट्ट्याला मास्किंग टेप लावावी आणि मगच हिरवा. उलटा क्रम केला तर मलईला तीन थर लागतात आणि कडेला उंचवटा येतो. आणि मुंबईकरांनी पावसाळ्यात लॅकर फवारू नये. हवेतला ओलावा त्यात अडकून दुधाळ पडदा येतो, आणि आपण मात्र डब्याला दोष देत बसतो.

हाफकॅब:
रंगाच्या वादात माझा प्रश्न हरवला, तो परत विचारतो. पीडी३ ऐवजी आरटी चालते, हे ‘पिवळा_प्रायमर’ यांना अजूनही म्हणायचे आहे काय? असेल तर कारण द्यावे. नसेल तर छायाचित्राखालचे वर्ष १९५० करावे आणि रेडिएटर बदलावा, मी एक शब्द बोलणार नाही.

पिवळा_प्रायमर:
वर्ष बदलतो. रेडिएटर बदलायला आपण आरेखन दिलेत, तर तोही कापून बसवतो. माझ्याकडे पाऊण मिलिमीटरची प्लास्टिक शीट पडून आहे. आरए वर्गासाठी मात्र कोणाकडे तीस फुटांच्या सांगाड्याची त्रिमितीय मुद्रणाची (३डी प्रिंटची) फाईल असेल तर द्यावी, फुकटच द्यावी, कारण उपदेश येथे फुकट मिळतो. हिरवा माझाच राहील, पांढरा मिसळलेला.

लिफीकाठचा:
फाईल माझ्याकडे आहे, खिडकीच्या खांबांची जाडी अजून पातळ करायची आहे. रविवारी पाठवतो. पांढऱ्याचे प्रमाण मात्र मला कळवू नका.