स्मॉलबोअरला बॅरल २६ इंचीच हवं का?

प्रोनवाला: नेमबाजी क्लबसाठी स्मॉलबोअर, म्हणजे पॉइंट टू टू (०.२२ इंची) रायफल घ्यायचीये, ५० मीटरला, आणि बॅरलच्या (नळीच्या) लांबीवरून आमच्यात दोन तट पडलेत. जुनी मंडळी म्हणतात २६ इंचाच्या खाली बघूच नका, लांब नळी म्हणजे गोळी जोरात. माझं स्पष्ट मत, पॉइंट टू टूला हे लागू नाही. एवढ्याशा काडतुसात दारू ती किती, १६-१९ इंचांत तिचा जोर संपतो, पुढे गोळी नुसती नळीला घासत जाते. शिवाय मॅचची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली ठेवलेली असते, वेग हवाय कुणाला? २२ इंची बॅरल घ्या, तोंडाला रिकामी ट्यूब लावा, फ्रंट साइट (नेम धरायची पुढची खूण) त्या ट्यूबवर बसवा. गोळी नळीतून लवकर सुटते, तेवढा हात हलायला वेळ कमी.

राधानगरी रोड: वेगाचं मान्य, पण लांब बॅरल आम्ही वेगासाठी घेतच नाही, वजनासाठी घेतो. स्टँडिंगला उभं राहून बघा, वजन पुढे असलं की रायफल डाव्या हातावर शांत बसते. टार्गेटवरचं १० गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसहून ब्राँझ आणलं ते थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, पालथं झोपून (प्रोन) आणि उभं राहून, पोरं आता तेच शिकायला येतात, एकट्या प्रोनचा विचार करून कसं चालेल?

प्रोनवाला: वजनाच्या रिंगा ट्यूबवर पण चढतात की, आणि हव्या तशा सरकवता येतात, बॅरलचं वजन कुठं सरकवणार? कडकपणाही बघा, जाडी तीच ठेवून नळी २२ ची २६ केली तर टोकावर तेवढ्याच जोराला ती दीडपटीहून जास्त वाकते.

चाळिशीची नेमबाज: तुम्ही दोघं बॅरलची लांबी आणि साइट रेडियस, म्हणजे मागच्या-पुढच्या साइटमधलं अंतर, एकातच मिसळताय. मागच्या साइटपासून फ्रंट साइट ८० सेंटिमीटरवर असेल आणि ती ०.१ मिलिमीटर चुकली तर ५० मीटरवर सव्वासहा मिलिमीटरचा फरक पडतो, ९५ सेंटिमीटरवर नेली तर साधारण सव्वापाच. १० च्या वर्तुळाची त्रिज्या ५.२ आहे, म्हणजे हा एक मिलिमीटर लाखमोलाचा. आणि माझ्यासारखीला चाळिशीनंतर जवळची फ्रंट साइट धूसर दिसायला लागली, ट्यूब लावून पुढे नेल्यावर साइटमधल्या रिंगची कड परत स्वच्छ दिसली. एअर रायफलला पण नळी ४२ सेंटिमीटरच्या आसपासच असते, पुढचं नुसतं आवरण असतं.

राधानगरी रोड: ताई, डोळ्याचं पटलं. पण ट्यूबवर माझा विश्वास नाही तो एका मॅचमुळे. आदल्या रात्री आतलं मेण आणि शिसं काढायला ट्यूब सोडवली, परत बसवली ती आटा पूर्ण न लागता. प्रोनला दुसऱ्या सिरीजमध्ये ग्रुप (गोळ्यांचा पुंजका) डावीकडे चालायला लागला, मी येड्यासारखा साइटचे क्लिक देत बसलो, वाटलं वारा आहे. क्लबची रायफल दहा हातांतून जाणार, कोण रोज आटे तपासणार सांगा?

चाळिशीची नेमबाज: तपासायची सवय लावायची, दुसरा उपाय नाही. पण त्या दहा हातांत तेरा-चौदा वर्षांची मुलं किती? पुढे जड रायफल दिली की ती कंबरेतून मागे झुकतात, महिन्याभरात पाठ धरते.

प्रोनवाला: निम्म्याहून जास्त ज्युनियरच आहेत. मग २२ इंची, ट्यूबवर पेनानं खूण, आटा पूर्ण बसला की दोन्ही रेघा जुळल्या पाहिजेत. वरचे पैसे गोळ्यांचे वेगवेगळे लॉट रायफल क्लॅम्पला लावून टेस्ट करायला घालणार. २६ वाल्यांनी अजून समजवा, ऑर्डर गेली नाहीये.

राधानगरी रोड: रविवारी माझी २६ ची घेऊन येतो, त्या पोरांच्याच हातात देऊन बघू.