समोरून ठोकल्यापासून ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा जात नाहीये

नवा_चालक:
मंडळी मदत हवीय. महिन्यापूर्वी गाडी पुढून डाव्या कोपऱ्यात ठोकली, वेग कमी होता, एअरबॅग उघडल्या नाहीत. बंपर, हेडलाइट, रेडिएटर बदलून झालं, वरून बघितलं तर काही कळतही नाही. पण तेव्हापासून एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी घसरू न देणारी) दोन्ही दिवे लागलेलेच, आणि सरळ जायचं तर स्टीअरिंग जरा उजवीकडे वळवून धरावं लागतं. मेकॅनिक म्हणतो चालवत राहा, जाईल आपोआप. फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना. खरंच जाईल? गाडीत लहान मुलं असतात म्हणून जीव टांगणीला लागलाय.

पाना_दहा:
नाही जाणार. ट्रॅक्शन कंट्रोल एबीएसच्याच चार चाकांच्या स्पीड सेन्सरवर चालतं, पुढचं चाक मागच्यापेक्षा जास्त फिरायला लागलं की इंजिनाचा जोर कमी करतं किंवा त्या घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं, मग जोर दुसऱ्या चाकाला मिळतो. म्हणून एक सेन्सर गेला की दोन्ही दिवे. डावं चाक काढून आतली वायर बघा, फेंडर लायनर (चाकाच्या वरचं आतलं प्लास्टिक कव्हर) बसवताना ती हमखास दाबली जाते. आणि स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) एबीएस वाचणारा हवा, साधे स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड दाखवतात. नेहमीचे ब्रेक लागतील पण जोरात दाबले तर चाकं लॉक होतील, ओल्या रस्त्यावर हळू जा. ब्रेकचा लाल दिवापण लागला तर मात्र गाडी अजिबात चालवू नका.

नवा_चालक:
वायर खरंच तुटलेली निघाली! जोडल्यावर एबीएसचा दिवा गेला. ट्रॅक्शनचा दोन किलोमीटरवर परत लागला.

शाफ्टवाला:
मला पहिल्यापासून त्या वाकड्या स्टीअरिंगचीच काळजी वाटत होती. तुम्ही सरळ जाताय आणि स्टीअरिंग अँगल सेन्सर सांगतोय गाडी वळतेय, पण यॉ सेन्सर (गाडी प्रत्यक्षात किती वळतेय ते मोजणारा) म्हणतो वळत नाहीये, दोघांचं जुळत नाही म्हणून कंप्युटर सिस्टीम बंद करतो. लगेच स्टीअरिंग सेन्सर झिरो (आताची स्थिती सरळ म्हणून सेट) करून घेऊ नका, आधी स्टीअरिंग वाकडं का झालं ते शोधा. फ्रंट व्हील ड्राइव्हला इंजिन, गिअरबॉक्स, स्टीअरिंगचा रॅक, चाकांना जोर देणारे ड्राइव्ह शाफ्ट सगळं पुढेच, कोपऱ्यात बसलेला फटका चाकातून टाय रॉड (चाक वळवणारा दांडा), लोअर आर्म (चाक खालून धरणारा) आणि सबफ्रेमपर्यंत (हे सगळं ज्यावर बसतं ती चौकट) जातो. अलाइनमेंटचा (चाकांच्या कोनांच्या मोजमापाचा) प्रिंट मागा आणि डाव्या-उजव्या बाजूचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) ताडून बघा. मोठा फरक असला तर काहीतरी वाकलंय किंवा सबफ्रेम सरकलीय, नुसता टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली ते) सेट केला तर गाडी सरळ जाईल पण वाकलेला पार्ट तसाच राहील. पार्ट, मग अलाइनमेंट, मग सेन्सर झिरो, याच क्रमाने. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू चालवल्यावर कटकट आवाज येतो का तेपण बघा, येत असेल तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (ड्राइव्ह शाफ्टचा चाकाजवळचा सांधा) गेलाय.

नवा_चालक:
आवाज नाही येत. उद्या प्रिंट काढून आकडे इथे टाकतो.