वसईच्या समुद्रातला गॅस: महाराष्ट्राला रॉयल्टीत वाटा हवा की नको?

सागरतीर (धागा सुरू करणारे)
‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजाने १९७४ मध्ये मुंबई हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र शोधलं, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. दोनच वर्षांनी मुंबईच्या पश्चिमेला सुमारे ८० किलोमीटरवर वसई क्षेत्र सापडलं, त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. मुंबई हायमध्ये तेल मुख्य आणि गॅस त्याच्याबरोबर येणारा. वसईत गॅसच मुख्य. १९८८ मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि तो गॅस समुद्राखालच्या दोनशेहून अधिक किलोमीटरच्या पाइपलाइनने गेला गुजरातेत हजिऱ्याला. तिथून पुढे मध्य प्रदेशातलं विजयपूर, उत्तर प्रदेशातलं जगदीशपूर.

जमिनीवरच्या तेल-वायूची रॉयल्टी, म्हणजे खनिज काढल्याबद्दल कंपनीने भरायची रक्कम, आसामला आणि गुजरातला मिळते. चंद्रपूरच्या कोळशाची आपल्याला मिळते. समुद्रातली सगळी रॉयल्टी केंद्राकडे. याउलट समुद्रातल्या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटर जाळं टाकायला बंदी, आणि तेल-वायू शोधणारं सर्वेक्षणाचं जहाज आलं की वसई-पालघरच्या नौकांनी तो पट्टा सोडायचा. हा अन्याय आहे. किनाऱ्यावरच्या राज्याला वाटा मिळालाच पाहिजे.

कलम२९७
पूर्ण असहमत. घटनेच्या २९७व्या कलमानुसार सागरतळाखालची खनिजसंपत्ती केंद्राची आहे, आणि १९७६ च्या ४०व्या घटनादुरुस्तीने त्यात अनन्य आर्थिक क्षेत्रही (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा समुद्र) आणलं. राज्याची हद्द एवढ्या खोल समुद्रात जात नाही, मग वाटा कशाच्या आधारावर मागायचा? गुजरातने २००१ मध्ये गॅसवर स्वतःचा कायदा केला होता. नैसर्गिक वायू हा केंद्राच्या अखत्यारीतला विषय आहे असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तो रद्द ठरवला.

आणि कायदा बाजूला ठेवा. मध्य प्रदेशाला किनारा नाही, म्हणून तिथल्या शेतकऱ्याचा युरियावरचा हक्क कमी होतो का? त्या पाइपलाइनच्या गॅसपासून युरिया बनवणारे खतकारखाने उभे राहिले, तो युरिया देशभरच्या शेतात गेला. उद्या प्रत्येक किनारी राज्य हिस्सा मागू लागलं तर विदर्भाने काय मागायचं?

प्लॅटफॉर्मवाला
हजिरा का, याचं तांत्रिक कारण कोणी सांगितलं नाही. वसईच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड आहे. हा विषारी वायू काढून टाकल्याशिवाय तो गॅस लांबच्या पाइपलाइनमध्ये सोडता येत नाही. त्यासाठी मोठा प्रकल्प हवा, मोकळी जागा हवी. अलिबागजवळच्या थळ-वायशेतच्या खतकारखान्याला मुंबईतूनच पर्यावरणाच्या मुद्द्यावर केवढा विरोध झाला होता ते आठवा. पलीकडे ऐंशीच्या दशकात मुंबई हायचा गॅस समुद्रावरच जाळला जात होता, कारण तो आणायची आणि वापरायची पुरेशी सोय नव्हती. अशा वेळी उत्तरेकडे पाइपलाइन नेणं हा शहाणपणाचा निर्णय होता. उगाच गुजरातने पळवलं म्हणू नका.

सागरतीर
पळवलं असं मी म्हटलेलं नाही. पण परिणाम पाहा. नैसर्गिक गॅस आजही जीएसटीबाहेर आहे, आणि आंतरराज्य विक्रीवरचा केंद्रीय विक्रीकर माल जिथून निघतो त्या राज्याच्या तिजोरीत जातो. म्हणजे समुद्र साऱ्या देशाचा असला तरी पाइप जिथे जमिनीवर येतो तिथल्या राज्याला कायमचं उत्पन्न सुरू होतं. कलम २९७ ने हा फायदा कुठे अडवला? आणि इथे उरणचं ६७२ मेगावॅटचं वायू विद्युत केंद्र गॅस अपुरा म्हणून वर्षानुवर्षं कमी क्षमतेने चालतं.

खाडीपल्याड
मी उरणच्या बाजूची. मला दोघांचंही पटत नाही. राज्याला पैसे मिळाले तर ते मंत्रालयात राहतील, करंजा-मोरा या आमच्या कोळी गावांपर्यंत पोहोचणार नाहीत. ३ सप्टेंबर २०१९ ला उरणच्या गॅस प्रकल्पात आग लागली, चार जण गेले. धोका गावाच्या उशाशी आहे, तर पैसाही गावालाच हवा.

कोळशाला हा मार्ग आहे. २०१५ पासून खाणवाले रॉयल्टीव्यतिरिक्त जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसे भरतात आणि ते बाधित भागावर खर्च करायचे असतात. तेल-वायूला हा नियम लागूच नाही. उत्तर समुद्रातल्या तेलाची मालकी ब्रिटिश सरकारची आहे, तरी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांच्या कौन्सिलने १९७४ मध्ये स्वतःसाठी खास कायदा करून घेतला आणि तिथल्या सलम व्हो या तेल उतरवण्याच्या टर्मिनलच्या बदल्यात कंपन्यांकडून बेटांसाठी निधी मिळवला. मालकीचा वाद घातलाच नाही त्यांनी.

कलम२९७
हे मात्र विचार करण्यासारखं आहे. मालकीला धक्का लागत नाही. पण बाधित कोण, हे ठरवणार कसं? खाणीशेजारचं गाव दिसतं. समुद्रात मात्र एकाच पट्ट्यात सातपाटीची नौका जाते, वर्सोव्याची जाते, गुजरातचीही जाते.

खाडीपल्याड
नौकांची नोंदणी आहे, डिझेलवरच्या कराचा परतावा मच्छीमार सोसायट्यांमार्फत मिळतो, म्हणजे कोण समुद्रात जातं याचे कागद सरकारकडे आहेत. सर्वेक्षणाचे दिवस आणि पट्टा आधी जाहीर होतात. तेवढ्यावरून सुरुवात करा. गुजरातच्या नौकेचं नुकसान झालं असेल तर तिलाही द्या.

सागरतीर
सुरुवात म्हणून मान्य. रॉयल्टीची मागणी मात्र मी सोडत नाही.