ॲपवर नोंद नाही तर कारखान्यात पाय नाही, हे सोलापुरात कसं चालणार?

मागावरचा (धागाकर्ता)
काल इथं एकानं लिहिलं की कोरोनासारखी पुढची साथ आली तर पहिल्या दिवसापासून प्रत्येक दुकान, कारखाना, हॉटेलच्या दारात क्यूआर कोड हवा. स्कॅन केल्याशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही, आणि मालकानं ऐकलं नाही तर शटर सील. खाली 'शंभर टक्के बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग. त्यातल्या किती जणांनी कामगार हाताळलेत, हे विचारावंसं वाटलं.

अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना. 1 मे 2020 च्या केंद्राच्या आदेशात होतं की आरोग्य सेतू, म्हणजे कुणाचा फोन कुणाजवळ होता ते ब्लूटूथनं टिपणारं सरकारी ॲप, शंभर टक्के कामगारांच्या फोनवर पाहिजे आणि जबाबदारी मालकाची. 17 मेला तेच 'शक्य तेवढा प्रयत्न करा' वर आलं. पण सक्ती डोक्यात बसलेली. माग सुरू झाल्यावर आमच्या गेटवर फोन दाखवायचा, ॲपवर हिरवं, म्हणजे धोका नाही असं, दिसलं की आत.

आत काय होतं ते ऐका. मागावर फोन खिशात ठेवून कुणी काम करत नाही. घामानं भिजतो, सुताचा धुरळा शिरतो, खडखडाटात रिंग ऐकू येत नाही. शर्ट खिळ्याला आणि फोन दाराजवळच्या फळीवर, एकाच बोर्डाला चार्जिंगला. म्हणजे ब्लूटूथच्या लेखी सगळे फोन अख्खी पाळी एकमेकांना चिकटून. या टोकाचा जॉबर (माग बघणारा मुकादम) आणि त्या टोकाचा कामगार, ज्यांची दिवसभर गाठ पडत नाही, ते 'संपर्कात'. आणि चहाला टपरीवर जाताना फोन फळीवरच, त्यामुळे तिथं ज्याच्या मांडीला मांडी लावून बसले त्याची नोंद कुठंच नाही. ॲपनं फोनांची भेट मोजली. आजार माणसांकडून माणसांना होत होता.

कुणाबरोबर जेवलास, कुणाच्या गाडीवर बसून आलास, हे कामगाराला विचारा. ते सोडून मालकाचा परवाना फोनला बांधू नका.

मेडिकलवाला_जुळे
अण्णा, तुमच्या फळीचं पटलं. पण सगळं सोलापूर म्हणजे माग नाही. माझं मेडिकल आहे. साथीत आम्ही एक दिवस बंद ठेवलं नाही. वडील काउंटरवर बसायचे, ऐकत नव्हते. एक गिऱ्हाईक पॉझिटिव्ह निघालं ते आम्हाला आठवड्यानं कळलं, तेही गल्लीतल्या बोलण्यातून. तोवर वडिलांना ताप. ते परत आले नाहीत. कुणीतरी, कशानंही, दोन दिवस आधी कळवलं असतं तर मी त्यांना घरी बसवलं असतं. म्हणून 'ॲप नको' हे वाक्य मला सहन होत नाही.

आणि पुरावा पाहिजे तर इंग्लंड-वेल्सचा घ्या. तिथलं ॲप सप्टेंबर 2020 ला आलं. संशोधकांच्या अंदाजानं पहिल्या वर्षात सुमारे 10 लाख लागणी आणि 9,600 मृत्यू टळले. 9,600 घरांत वडील राहिले असतील, आई राहिली असेल.

पेठेतली_सून
ॲपचं राहू दे, त्या वहीबद्दल कुणी बोलणार आहे का? दुकानात शिरताना नाव, मोबाइल, वेळ लिहायची. नवी पेठेत एका साडीच्या दुकानात लिहिला नंबर. वही उघडी टेबलावर, दोरीला पेन बांधलेला, माझ्या वरच्या दहा बायकांचे नंबर मला दिसत होते. त्याच आठवड्यापासून रात्री अकराला मेसेज. 'जेवलात का'. नाव बरोबर, आडनाव बरोबर. नवऱ्यानं फोन करून झापलं तेव्हा थांबलं. सासूबाई मला म्हणाल्या, तू दिलासच कशाला. दिला कारण दारातल्या पोरानं लिहिल्याशिवाय आत सोडलं नाही!

नवी_पेठ_व्यापारी
ताई, एका नालायकामुळे सगळ्या पेठेला धरू नका. वही आम्ही हौसेनं ठेवली नव्हती. ठेवली नाही तर दंड, ठेवली तर आता हे ऐका. जुलै 2020 मध्ये 16 ते 26 परत कडक बंद झाला तेव्हा आमच्या पोरांचे पगार आम्ही पदरचे दिले. त्याचा धागा कुणी काढला नाही.

पेठेतली_सून
पगार दिलात, चांगलं केलंत. वहीचं उत्तर द्या. किती दिवस ठेवलीत? नंतर कुठं गेली? दिवाळीला 'नवीन स्टॉक आला' चे मेसेज कुठून आले मग? आणि ती सवय आजही गेलेली नाही. वीस रुपयांची वस्तू घ्या, 'मॅडम, मोबाइल नंबर'. नाही म्हटलं तर म्हणे बिल निघत नाही. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्यानं दुकानदारांना सांगितलंय की नंबरासाठी हट्ट धरायचा नाही. सोलापुरात कोण पाळतंय?

नवी_पेठ_व्यापारी
नंबर नको तर बदलून द्यायला येता तेव्हा बिल हरवलं म्हणू नका. नंबरावरून आम्हीच बिल शोधून देतो. तेव्हा गोड वाटतं.

मेडिकलवाला_जुळे
अहो, विषय साथीचा आहे, बिलाचा नाही!

पेठेतली_सून
विषय हाच आहे. तुमच्या ॲपमध्ये माझा नंबर जाणार, आणि दारात तोच पोरगा उभा असणार.

पुण्यातला_सोलापूरकर
मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून सांगतो. ताईंची भीती खरी आहे, पण ती वहीची भीती आहे. इंग्लंडमध्ये हॉटेलच्या दारात कोड होता, तो स्कॅन केला की नोंद तुमच्याच फोनमध्ये राहायची. मालकाला ना नाव, ना नंबर. त्या ठिकाणी धोका आढळला तर तुमचा फोन तुम्हाला सांगणार. वही ठेवायची तर 21 दिवसांनी नष्ट करायची. ॲपल आणि गुगलनं एप्रिल 2020 मध्ये जी पद्धत जाहीर केली तीही अशीच, लोकेशन घ्यायचंच नाही. आरोग्य सेतूनं ब्लूटूथबरोबर जीपीएस घेतलं आणि नाव-नंबर सर्व्हरवर नोंदवले, दोष तिथं होता.

मागावरचा
पुण्यात बसून बरं सुचतं. सिंगापूरनं त्यांच्या ॲपबद्दल लोकांना काय सांगितलं होतं? माहिती फक्त साथीसाठी. जानेवारी 2021 मध्ये सरकारनंच कबूल केलं की पोलिसांना ती गुन्ह्याच्या तपासात घेता येते. जर्मनीत माइन्झच्या पोलिसांनी हॉटेलच्या चेक-इन ॲपमधून साक्षीदार शोधले. ती शिस्तीची माणसं म्हणतो आपण. इथं सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती श्रीकृष्ण मे 2020 मध्येच बोलले होते की आरोग्य सेतूच्या सक्तीला कायद्याचा आधार नाही. कुणी ऐकलं?

आणि फोन कुणाकडे होता ते विचारा. विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, घरात एक स्मार्टफोन, तो पोराच्या ऑनलाइन शाळेला. आई कारखान्यात विड्या द्यायला आणि पान-तंबाखू आणायला साध्या फोनवर किंवा फोनशिवाय. तिला दारातून परत पाठवणार? त्या दिवशीची चूल तुमचा कोड पेटवणार आहे का?

पुण्यातला_सोलापूरकर
अण्णा, पुण्यावर घसरायची गरज नव्हती. माझी आई अजून भवानी पेठेत राहते. सिंगापूरनं पोलिसांचं केलं ते चूकच. पण त्याच सिंगापूरनं फोन नसलेल्या म्हाताऱ्यांना गळ्यात अडकवायचं छोटं यंत्र फुकट दिलं. ते मागावरही गळ्यात राहिलं असतं. फळीवर नाही.

मागावरचा
यंत्र सरकार फुकट देणार असेल तर ऐकतो. मालकानं विकत घ्यायचं असेल तर नाही.

आशाताई_कुंभारी
मी त्या काळात घरोघरी फिरले. ऑक्सिमीटर, तापाची बंदूक, यादी. तुमची सगळ्यांची भांडणं वाचली. एक सांगते, लोकांना सगळं आठवत होतं. कुणाकडे गेले, कुणाच्या बारशाला बसले, सगळं. सांगत नव्हते. दार अर्धं उघडून म्हणायचे, 'कुणालाच भेटलो नाही'. कारण नाव सांगितलं की त्या घरापुढं पत्रे ठोकले जायचे, माणसं उचलून क्वारंटाइनला, आणि रोज बुडायचा. शेजारणीचं नाव सांगून तिचा रोज कोण बुडवेल? एक बाई मला रडत म्हणाली, अक्का, मी नाव सांगितलं तर ती मला जन्मात माफ करणार नाही. मी त्या शेजारणीच्या घरी डाळ-तांदूळ पोचवायचं कबूल केलं, तेव्हा तिनं चार नावं दिली. त्यातली दोन पॉझिटिव्ह आली.

ॲपनं लाल दाखवलं असतं तर तिनं ॲप काढून टाकलं असतं.

मेडिकलवाला_जुळे
ताई, तुम्ही लोक होता म्हणून आम्ही वाचलो. तरी माझं म्हणणं सोडत नाही. तुम्ही किती घरं करणार? माझ्या काउंटरवर दिवसाला येणारी अनोळखी माणसं तुमच्या कुठल्याच यादीत नव्हती, आणि त्यांची नावं वडिलांना माहीत नव्हती. तिथं कोड लागतो. सक्ती नको, हे एवढं मान्य. नंबर नको, हेही मान्य. पण कोड लावू नका म्हणाल तर नाही.

पेठेतली_सून
नंबराशिवाय असेल तर मी स्कॅन करीन. वहीत लिहिणार नाही.

मागावरचा
दुकानाच्या दारात लावा, माझी हरकत नाही. कारखान्याच्या गेटवर लावण्याआधी एक ठरवा: लाल दिसलेल्या कामगाराचा चौदा दिवसांचा रोज कोण देणार? ते कागदावर आलं की कोड मी स्वतः चिकटवतो.

नवी_पेठ_व्यापारी
मालकानं द्यायचा असं कुणी लिहिणार असेल तर नवा धागा काढा. मी येतो तिथं.