सणांची चित्रपुस्तके सणापुरतीच मोठ्याने वाचावीत का?

पानोपानी (मूळ मत):
आमच्याकडे सणांची चित्रपुस्तके वर्षभर एका पेटीत असतात. सणाच्या दोन आठवडे आधी ती बाहेर निघतात, रोज रात्री मोठ्याने वाचली जातात आणि सण सरला की पुन्हा पेटीत जातात. ही पद्धत मी विचारपूर्वक पाळते. लहान मुलाला दिनदर्शिका कळत नाही, परंतु आपणच गेल्या वर्षी चुरगाळलेल्या पानासह तेच पुस्तक पुन्हा मांडीवर आले, की गेलेला सण फिरून आला आहे हे त्याला उमगते. माझी मुलगी तीन वर्षांची असताना एका पुस्तकातले दिवे तेवढे मोजत असे. चौथ्या वर्षी त्याच पानाच्या कोपऱ्यात एकटी बसलेली आजी तिला दिसली आणि "ही का हसत नाही?" असे तिने विचारले. पुस्तक रोज हाताशी असते, तर मधल्या वर्षात ती किती वाढली हे मला इतके लख्ख जाणवले नसते. शिवाय सण आणि चित्रपुस्तक यांचे नाते जुने आहे. इंग्लिश चित्रकार रँडॉल्फ कॅल्डेकॉट यांची प्रसिद्ध चित्रपुस्तके १८७८ पासून दर नाताळाच्या सुमारास दोन-दोन अशी येत असत.

मुखपृष्ठ:
असहमत आहे, आणि सुरुवात आपल्याच उदाहरणापासून करतो. कॅल्डेकॉट यांची पुस्तके नाताळात प्रसिद्ध होत हे खरे, पण त्यांतला मजकूर बहुतेक बालगीतांचा आणि जुन्या पद्यकथांचा होता. तो कोणत्याही दिवशी वाचता येण्याजोगा होता. प्रकाशनाचा हंगाम आणि वाचनाचा हंगाम एकच मानण्याचे कारण नाही.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले, की नवा शब्द सारख्याच वेळा कानावर पडला तरी, वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकलेल्या मुलांपेक्षा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकलेल्या मुलांच्या तो अधिक लक्षात राहिला. सणांच्या पुस्तकांत विधींचे, वस्तूंचे, नात्यांचे असे कितीतरी शब्द असतात जे घरातल्या रोजच्या बोलण्यात येत नाहीत. ते जरा कुठे रुळू लागतात तोच आपण पुस्तक बंद करता. वाट पाहण्यातली गोडी मोठ्यांना कळते. मुलाला मात्र आवडते पुस्तक कोणीतरी काढून घेतले एवढेच कळते.

पानोपानी:
कॅल्डेकॉट यांच्याबाबतचा मुद्दा मान्य आहे. मात्र पुनरावृत्ती माझ्याही पद्धतीत आहेच, कारण त्या दोन आठवड्यांत एकेक पुस्तक आठ-दहा वेळा वाचले जाते.

उंबरठा:
केव्हा वाचावे यापेक्षा कसे वाचावे याकडे लक्ष द्यायला हवे. सणाच्या दिवसांत घर भरलेले असते, ऐकायला दोन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंतची मुले बसतात आणि वाचणाऱ्याला पुढची कामे खुणावत असतात, त्यामुळे पुस्तक अक्षरशः उरकले जाते. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना वाचताना थांबण्याची, खुले प्रश्न विचारण्याची आणि मुलाचे उत्तर थोडे वाढवून परत देण्याची पद्धत शिकवली होती. महिनाभरातच ही मुले, नेहमीच्या रीतीने वाचन ऐकणाऱ्या मुलांपेक्षा, बोलण्यात पुढे गेलेली दिसली. "ही का हसत नाही?" हा प्रश्न पेटीमुळे आला असे मला वाटत नाही. त्या पानावर आई थांबली होती, म्हणून तो आला.

चित्रवाचक:
थांबण्याच्या या आग्रहाला माझा विरोध आहे. चित्रपुस्तक साधारणपणे ३२ पानांचे असते आणि त्यातले प्रत्येक पान उलटणे चित्रकाराने योजलेले असते: दार वाजते, पान उलटते, मग दारात कोण उभे आहे ते दिसते. नेमक्या त्या क्षणी "कोण असेल बरे?" असे विचारून उत्तरांची रांग लावली, तर कथेचा श्वास तुटतो. सणाच्या पुस्तकांत हे फार जाणवते, कारण त्यांची रचनाच प्रतीक्षेवर उभी असते. पहिले वाचन अखंड व्हावे. गप्पा दुसऱ्या वाचनापासून खुशाल कराव्यात. आणि मुलांचे वय फारच वेगवेगळे असेल, तर दोन स्वतंत्र बैठका कराव्यात, हे उत्तम.

मुखपृष्ठ:
चित्रवाचक यांच्याशी सहमत. पण दुसरे, तिसरे, दहावे वाचन व्हायचे तर पुस्तक हाती हवे. शिवाय मुलांना दुसऱ्यांच्या सणांची पुस्तकेही वाचून दाखवावीत असे आपण म्हणतो. तीही त्या-त्या सणापुरतीच काढली, तर ती माणसे वर्षातून एकदाच अस्तित्वात येतात असा मुलाचा समज होईल. बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये पुस्तकांना आरसे आणि खिडक्या म्हटले होते: आरशात आपले जगणे दिसते, खिडकीतून दुसऱ्यांचे. खिडकी अकरा महिने बंद ठेवणे मला पटत नाही.

पानोपानी:
दुसऱ्यांच्या सणांची पुस्तके आजच पेटीबाहेर काढते. हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. आमच्या सणांच्या पुस्तकांबाबत मात्र मी ठाम आहे. सण होऊन पाच महिने झाल्यावर मुलीने त्या आजीचे पुस्तक मागितले आणि मी नाही म्हटले. तेव्हा तिने उशी मांडीवर घेतली, पुस्तकाची पाने उलटावीत तसा हात फिरवत सारी गोष्ट स्वतःच मोठ्याने सांगितली, आणि शेवटी ती आजी हसली असे तिने जोडले, जे पुस्तकात नाही.

उंबरठा:
त्या रात्री मी पेटी उघडली असती.