फवारणी गाईवर केली, गोठ्याचं काय?

दादा, फवारणी करूनही पंधरवड्यात गोचीड परत दिसतात म्हणालात, त्याचं कारण गोठ्यातच आहे. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी गाईवरून गळून पडते आणि गव्हाणीच्या, भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. भेगा सिमेंटने बुजवा, फ्लेम गन (आगीची ज्योत फेकणारं यंत्र) भेगांवरून फिरवा (जनावरं आणि कडबा बाहेर काढूनच).

संकरित गाई-वासरांना फार जपा. थायलेरिओसिस या गोचिडांमुळे होणाऱ्या रक्ताच्या आजारात ताप १०४ च्या वर चढतो, खांद्यापुढची गाठ सुजून हाताला लागते. नुसतं तापाचं इंजेक्शन देऊन वाट बघत बसू नका. रक्त तपासून डॉक्टरांनी ब्युपार्व्हाक्वोन हे त्यावरचं औषध वेळेत दिलं तर जनावर वाचायची खरी आशा असते.

आणि कृपा करून गोचीड बोटांनी चिरडू नका. क्रायमियन-काँगो ताप हा विषाणूचा आजार त्यातून माणसाला होऊ शकतो. गुजरातेत २०११ साली माणसं दगावली आहेत.