'टॉर्ट रिफॉर्म'ला मराठीत काय म्हणायचं?

शब्दपिसाट: अमेरिकेतल्या दिवाणी दाव्यांवरचा लेख मराठीत आणतेय. 'टॉर्ट रिफॉर्म'ला, म्हणजे नुकसानभरपाईच्या दाव्यांवर बंधनं घालणाऱ्या कायदेबदलांना, 'अपकृत्य कायद्यातील सुधारणा' लिहिलं. संपादकबाईंनी समासात खरडलंय, "अपकृत्य म्हणजे कुकर्म ना? मग शिक्षा काय, फाशी की जन्मठेप?" दुसरा शब्द सुचवा.

तिरकस: लॅटिन 'टॉर्टम' म्हणजे पिळलेलं, वाकडं. आपल्याकडे 'कुणाच्या वाकड्यात शिरणं' आहेच. 'वाकड्याचा कायदा' करून टाका :)

जुना बेलिफ: 'अपकृत्य'च ठेवा, परिभाषेत रुळलाय. फक्त पहिल्या उल्लेखाला फोड करा: कराराशी संबंध नसताना दुसऱ्याच्या हयगयीने किंवा मुद्दाम केलेल्या आगळिकीने झालेलं नुकसान, ज्याची भरपाई मागता येते. माझी हरकत 'सुधारणा'ला आहे. कॅलिफोर्नियाने १९७५ साली डॉक्टरांवरच्या दाव्यांत वेदना-यातनांची भरपाई अडीच लाख डॉलरांवर थोपवली. २०२३ उजाडेपर्यंत आकडा तोच. विमा कंपनी म्हणणार सुधारणा, पाय गमावलेला म्हणणार कात्री.

शब्दपिसाट: मग 'भरपाईवर मर्यादा'? पण दाव्याची मुदत, वकिलांची फी, हे त्यात बसत नाही.

कॉफीबाज: मुळात खटलेच उठवळ. मॅकडोनाल्ड्सची कॉफी अंगावर सांडली म्हणून लाखो डॉलर!

जुना बेलिफ: दावा लावणाऱ्या आजीबाई ७९ वर्षांच्या. भाजल्यामुळे त्वचारोपण करावं लागलं. मागितले २० हजार, मॅकडोनाल्ड्सने देऊ केले ८००. १९९४ साली ज्यूरीने दंडात्मक, म्हणजे कंपनीला धडा म्हणून, २७ लाख ठरवले ते सगळ्यांना पाठ. न्यायाधीशांनी ते ४ लाख ८० हजारांवर आणले हे कुणी सांगत नाही. आणि खटला नव्हे, दावा. खटला फौजदारी.

कॉफीबाज: वर्तमानपत्रं 'अब्रुनुकसानीचा खटला' सर्रास छापतात.

जुना बेलिफ: अब्रुनुकसानी दिवाणी नि फौजदारी दोन्हीकडे चालते. म्हणूनच फरक पाळायचा.

तिरकस: आमची आजी 'दावा' फक्त वैराला म्हणायची. 'दावा साधला मेल्याने.' माझ्या मते मूळ गुरांचं दावं. गळ्यात पडलं की सुटत नाही.

पोथीवाला: काहीही! दावं संस्कृत 'दामन्'वरून. दावा अरबी, फारसीच्या वाटेने आलेला.

कॉफीबाज: म्हणजे शुद्धिवाद्यांना 'दावा'ही नको नि 'दिवाणी'ही. बसा 'व्यवहारवाद' म्हणत.

पोथीवाला: मी शुद्धिवादी नाही. व्युत्पत्ती सांगितली फक्त.

शब्दपिसाट: लेख आज द्यायचाय हो. तूर्त 'टॉर्ट' तसाच ठेवते.

जुना बेलिफ: आणि 'रिफॉर्म'?

तिरकस: ते राहू द्या. 'दावणीला बांधणं' कुठल्या दाव्यातून आलं?